साळवेनानांचं पाऊस थांबवायचं यंत्र

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी दहा, सोसायटीचं पार्किंग. हजर: अध्यक्ष कुलकर्णी, तळमजल्याच्या जाधववहिनी, आणखी सहा सभासद, सेक्रेटरी म्हणून मी, आणि ज्यांच्यासाठी सभा बोलावली होती ते नाना साळवे. बाकी सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. नाना मात्र ज्या लोखंडी पेटीबद्दल तक्रार होती तिच्यावरच बसलेले.

ठराव साधा होता. नानांनी कोपऱ्यात जमवलेलं भंगार पंधरा दिवसांत हलवावं. कुलकर्णींनी विचारलं, हे नेमकं आहे तरी काय? नाना म्हणाले, पाऊस बंद पाडायचं यंत्र.

"मराठवाड्यात त्याला यंत्र कशाला लागतं?" कुलकर्णी म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. नाना हसले नाहीत. माझ्या वहीकडं बोट दाखवून, म्हणजे जेवढं बोट शिल्लक आहे तेवढं दाखवून म्हणाले, "देशमुखबाई, लिहा. साळवे पेटी हलवणार नाय. हलवायची तर साळव्याला वर बसवूनच हलवा. खाली सही करतो."

मी लिहिलं, त्यांनी सही केली. गारखेड्यातल्या आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात ठरावाखाली असली सही पहिल्यांदाच पडली.

नाना बहात्तर वर्षांचे. आयुष्यभर लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, टर्नर. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर नोकरीत असतानाच प्रेस मशीननं नेलं, आणि त्यात मशीनचा दोष कसा नव्हता हे ते आजही समजावून सांगतात. जगातल्या बाकी प्रत्येक गोष्टीत मात्र त्यांना एकच दोष दिसतो: तिच्यात प्ले आहे. प्ले म्हणजे दोन भागांमधली ढिलाई. चाक फिरवावं आणि पुढचा भाग जरा वेळानं हलावा, तो प्ले. लिफ्टच्या दारात प्ले आहे. नळाच्या वेळेत प्ले आहे. जावई गुणाचा आहे, पण बोलण्यात थोडा प्ले आहे. कुलकर्णी भाषणाला उभे राहिले की पहिली पाच मिनिटं नाना ऐकतच नाहीत. म्हणतात, तेवढा प्ले धरावाच लागतो.

हलवायच्या सामानाची यादी करणं माझ्याकडं आलं. मी तर मेथीची जुडीसुद्धा यादीशिवाय आणत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले आणि वही घेऊन कोपऱ्यात उभी राहिले. ट्रॅक्टरचं ऑइल मीटर एक. रेडिओच्या घुंड्या चार. जुन्या बसचे लाल दिवे पाच. स्विच अकरा. दुधाच्या कॅनचं झाकण एक. हे शेवटचं नानांनी मला खोडायला लावलं.

"झाकण नाय. मेन डायल."

मग त्यांनी मोबाइल काढून एक थांबवलेलं चित्र दाखवलं. जुना हिंदी सिनेमा, फारसा न चाललेला. त्यातला खलनायक पाऊस रोखून देशाला वेठीला धरतो, आणि तो पाऊस जिनं रोखतो ती ही पेटी. नानांना हुबेहूब तीच हवी होती. बारावा स्विच चालणार नव्हता, चौथा दिवा जरासा तिरपाच हवा होता. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, काम हाय एक.

"मग राहिलंय काय काय?" मी विचारलं.

तिथंच माझं चुकलं. अर्धी यादी हातात आली की ती पुरी होईपर्यंत मला चैन पडत नाही. सामान हलवायला गेलेली मी दोन दिवसांत आणखी सामान आणू लागले. ड्रिलची बिटं, बारीक कानस, आटे पाडायचा टॅप, काळा रंग. जाधववहिनींनी माझ्या पिशवीतून हॅक्सॉचं पातं बाहेर आलेलं पाहिलं आणि विचारलं, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूनं आहात?

शेवटी एकच वस्तू उरली: मेन डायलच्या मागं बसवायचा लेथचा स्क्रू, नटासकट. माझ्या भावाचं वाळूजला छोटं वर्कशॉप आहे. त्याच्याकडून कोरा करकरीत स्क्रू आणला, तेलकट कागदात गुंडाळलेला. यादीत खूण करायला पेनही उघडलं होतं. नानांनी तो दोनदा फिरवला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"शोकेसमध्ये ठेवा. ह्याच्यात प्लेच नाय."

जन्मभर प्लेच्या नावानं खडे फोडणारा माणूस प्ले नाही म्हणून वस्तू नाकारत होता. मी पेन बंद केलं.

गुरुवारी छावणीच्या बाजारात गेलो. रफिकभाई भंगारवाले नानांचे जुने दोस्त. त्यांनी चांगले चांगले स्क्रू पुढं मांडले, नाना एकेक बाजूला सारत गेले.

"नाना, दुनिया अच्छा माल मांगती," रफिकभाई म्हणाले. "तुमकू घिसेला कायकू होना?"

"जितका घिसेला तितका बरा, मियाँ. आटे तेवढे साबूत पाहिजेत."

रफिकभाईंनी मला हळूच विचारलं, यांची तब्येत बरी आहे ना. तोवर नानांनी तागाच्या पोत्यात हात घातला होता. एकेक स्क्रू कानाजवळ धरायचे, डोळे मिटून पुढं फिरवायचे, मागं फिरवायचे. सातव्याला डोळे उघडले. भाव न करता तो घेऊन उठले.

सोमवारी पेटी जोडून झाली. संध्याकाळी मी खाली गेले तर नाना एकटेच तिच्यासमोर बसलेले. त्यांनी मोबाइलवर सिनेमातला तो तुकडा लावला. काळ्या बाहीतला, सोनेरी बटणांचा एक हात डायल फिरवतो. काटा लाल खुणेच्या पुढं जातो, तिथून मागं येतो, खुणेच्याही बराच मागं, आणि मग हळूच पुढं सरकून बरोबर खुणेवर थांबतो.

"आता इकडं बघा."

नानांनी पेटीची डायल फिरवली. पुढं, मागं, आणखी मागं, मग हळूच खुणेवर. पाहत असताना मला कळेना, मी मोबाइलमधला हात पाहतेय की समोरचा.

"व्हिलन असता तर सरळ खुणेवर आणला असता," नाना म्हणाले. "हे प्ले काढणं हाय. लेथवर जन्म गेलेला माणूसच करतो. ठरवून नाय, हातातून तसंच जातं."

मग सांगितलं. तरुणपणी ते शहरात एका वर्कशॉपमध्ये होते. सिनेमावाले पैठणला धरणावर आलेले. पेटीची डायल अडकली म्हणून नानांना पाठवलं. त्यांनी पिशवीतला जुना लेथचा स्क्रू बसवला, डायल फिरू लागली. पण स्क्रू ढिला, त्यामुळं खलनायकाला काटा काही खुणेवर थांबवता येईना. शेवटी त्याचा कोट नानांच्या अंगावर चढवला आणि नुसत्या हाताचं चित्र घेतलं. तेव्हा बोट शाबूत होतं.

"मी कुणाला बोललो नाय. फकस्त मालतीला. तिनं मात्र सांगितलं."

मालतीवहिनी नानांच्या पत्नी. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

"तुमच्या घरी भिशी होती. टीव्हीवर हाच सिनेमा लागलेला. ती म्हणाली, हा हात आमच्या ह्यांचा. कुणी म्हणालं, टीव्हीतल्या हाताला तर बोटं पुरी हायेत. आणि एक बाई म्हणाली, हात ह्यांचा तर तोंड कुणाचं, तुमचं का? सगळ्या हसल्या म्हणं. ती पण हसली त्यांच्यात. घरी येऊन सांगितलं. नंतर कधी टीव्हीवर सिनेमा लागला की उठून आत जायची."

"कोण म्हणाली तसं?" मी विचारलं.

"नाव नाय सांगितलं. लई विचारलं मी. म्हणाली, राहू द्या, चांगली बाई हाय, घाईत बोलली."

मी पेटीवरचे स्विच मोजले. अकरा होते.

"तुमच्या वहीत असंल ना बाई, त्या दिवशी कोण कोण हजर होतं? सगळ्यांना बोलवा. मालती खोटं बोलत नव्हती, एवढं डोळ्यानं बघून जाऊ द्या त्यांना. मग पेटी भंगारात घाला, मी स्वतः उचलू लागतो. तोवर नाय."

भिशीची वही माझ्याकडं आहेच. मी कुठलीच वही टाकत नाही. त्या दिवसाचं पान काढलं: नानांना ज्या बोलवायच्या होत्या त्या बाया अकरा. रविवारच्या सभेच्या नोटिशीत पहिला विषय घातला: श्री. साळवे यांच्या यंत्राची पाहणी, पाहुण्यांसह. कुलकर्णी म्हणाले, हा विषय सोसायटीत बसत नाही. मी म्हटलं, विषयपत्रिका सेक्रेटरी काढते, हरकत असेल तर लेखी द्या, सहीसकट.

आज शनिवार. खुर्च्या सांगून झाल्या. चहाचं सांगून झालं. जाधववहिनी स्वतःहून म्हणाल्या की बोटांचं त्याच बोलल्या होत्या, त्या पुढं बसतील. एकजण पैठणहून सकाळच्या एसटीनं येणार आहे. दहा नावांपुढं खूण झाली.

मघाशी नाना पेटी पुसत होते. सगळ्यांना सांगून झालं का, विचारलं. मी म्हटलं, एक राहिलीय.

"तिला पण सांगा," ते म्हणाले. "आणि ती तोंडाचं बोललेली बाई कळली, तर तिला माझ्या शेजारी बसवा. तिला जवळून दिसाया पाहिजे."

सांगते, म्हटलं आणि वर आले. त्या दोघींना मिळून एकच खुर्ची पुरेल, हे मात्र बोलले नाही. यजमानीण म्हणून माझं नाव त्या पानावर सगळ्यात वर आहे. त्याच्यापुढची जागा अजून कोरी आहे.