संग्रहालयापर्यंतचा व्हिसा

“व्हिसाचं माझ्यावर सोडा!” असं विंगकाकांनी जाहीर केलं आणि काकू धास्तावल्या.

तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं म्हणा. एकुलती एक लेक परदेशात, पहिलटकरीण. आईबाबांनी बाळाच्या आधी पोचावं आणि बाळाने मान धरेपर्यंत राहावं, एवढीच तिची इच्छा. “बाबा, लांब मुदतीचा पर्यटक व्हिसा काढा. अर्ज मी इथून भरते,” असंही ती म्हणाली होती. इतकं सोपं काम! पण सोपं काम सोपेपणाने केलं तर ते विंगकाका कसले?

काकांनी जन्मभर नाटक कंपनीत प्रॉम्प्टिंग केलं होतं. विंगेत उभं राहायचं, हातात वही धरायची आणि नटाचं घोडं अडलं की वाक्य पुरवायचं. ओठ हलायचे नाहीत, पण शब्द नेमका त्या नटाच्या कानात जायचा. पहिल्या रांगेलाही पत्ता लागत नसे!

“राजाचं काम करणारा माणूस भर दरबारात स्वतःच्या राज्याचं नाव विसरला होता,” काका छाती फुगवून म्हणाले. “कोणी आठवून दिलं? मी! मग खिडकीतल्या एका बाईपुढे चार वाक्यं बोलायची त्यात काय?”

“खरं ते सांगायचं आणि यायचं,” काकू म्हणाल्या. त्यांची हयात प्रसूतिगृहात नर्स म्हणून गेली होती. तिथे आडवळणाने बोलून कोणाचंच भागत नसे.

“खरं?” काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी मेकअपशिवाय रंगमंचावर जायची परवानगी मागितली होती.

खालच्या मजल्यावरून

त्यात विमावाले आले. विमावाले खालच्या मजल्यावर राहतात. लोकांना घाबरवण्याचाच धंदा असल्याने ते सुट्टीच्या दिवशीही रिकामे बसत नाहीत.

“वहिनी, बाळंतपण हा शब्द तोंडातून काढू नका! त्यात तुम्ही नर्स! त्यांना वाटणार, बाई इथे कामाला आली.”

“स्वतःच्या मुलीकडे?”

“मुलगी तर अजिबात काढू नका! तिथे आपलं माणूस आहे म्हटलं की संपलं. हे परत जाणार नाहीत, असा शेरा! माझ्या साडूच्या व्याह्यांचं काय झालं माहितीये?”

“काय झालं?” काकांचा आवाज चिरकला.

“विचारू नका!”

मग कोणी विचारलं नाही. त्यामुळे साडूच्या व्याह्यांचं नक्की काय झालं हे आजतागायत कळलेलं नाही. पण काकांची झोप त्यांनीच उडवली.

पात्रनिवड

तीन व्हिसे तीन उमेदवारांसारखे काकांपुढे उभे राहिले.

पहिला, कौटुंबिक भेटीचा. सालस, पण भारी चौकस. मुलगी कोण, काय करते, कुठे राहते? नको!

दुसरा, थोड्या दिवसांचा पर्यटक. निरागस चेहऱ्याचा. त्याच्यावर कोणी संशय घेणार नाही. पण तो बाळ यायच्या आधीच पाहुण्यांना घरी पाठवणार. बाद!

तिसरा, लांब मुदतीचा पर्यटक. हाच लेकीने सांगितलेला. पण आता काकांना त्याच्यातही खोट दिसू लागली. “एवढे महिने राहून करणार काय, असं विचारलं तर?”

“नातवंड खेळवणार,” काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या.

“हळू बोल!” काकांनी खिडकी लावली.

लेकीचा फोन आला. “बाबा, झाला का विचार? मी भरू अर्ज?”

“तू भरू नकोस! तुझा हातही लागायला नको! तू आहेस हेच कळायला नको!”

“म्हणजे?”

“तू विश्रांती घे,” असं म्हणून काकांनी फोन ठेवला आणि तिसऱ्या उमेदवाराला भूमिका देऊन टाकली. अर्जही स्वतःच भरला. फिरण्याच्या बेताची जागा रिकामी दिसली, तेव्हा त्यांना स्फुरण चढलं. धबधबा! हिमनदी! रोपवे! गुहा! दीपगृह! पण महिने लांबलचक आणि प्रेक्षणीय स्थळं मोजकी. तिसऱ्या आठवड्याचा बेत लिहिताना काकांची दमछाक झाली. उद्यान. दुसरं उद्यान. पहिलं उद्यान (पुन्हा). संग्रहालय. संग्रहालय (सावकाश).

“आणि पुढे?” काकूंनी विचारलं.

“पुढचं ओघात सुचेल!”

तालीम

अधिकारी: कशासाठी जाताय?
काकू (प्रसन्न मुद्रेने): निसर्ग पाहायला.
अधिकारी: तिथे तुमचं कोणी आहे?
काकू (दूर पाहत): निसर्गाशिवाय कोणी नाही.

“हे असं कोण बोलतं हो?”

“तू.”

इस्त्रीचं टेबल म्हणजे खिडकी. पलीकडे काका अधिकारी. काका प्रश्न विचारत आणि पळत अलीकडे येऊन काकूंच्या कानाशी उत्तरही देत. चार दिवसांत त्यांचं वजन उतरलं.

“हिमनदीवर चालायला जमेल का?” काकांनी अधिकाऱ्याच्या आवाजात विचारलं.

“माझे गुडघे—”

“गुडघे वहीत नाहीत!”

“पायात आहेत ना पण!”

“हे बघ, नट भरकटला तरी प्रॉम्प्टरने वही सोडायची नसते. तू अडलीस की मी आहेच मागे. तू फक्त ओठ हलव.”

काकूंनी ओठ हलवले. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. नाही आलं तेच बरं.

प्रयोग: आवाजासह

व्हिसा कचेरीतली खिडकी जाड काचेची. अलीकडे काळा मायक्रोफोन, पलीकडे चष्मा लावलेल्या अधिकारीबाई. काकू पुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या खांद्यामागे, अगदी विंगेत उभं राहावं तसे, काका.

“कशासाठी जाताय?”

काकूंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. तेवढी फट काकांना पुरली. ओठ न हलवता शब्द सुटला, “निसर्ग पाहायला…”

काकांची कुजबुज जन्मभर नटाच्या कानाला जायची. पण मायक्रोफोन हा प्राणी त्यांच्या कंपनीने कधी वापरला नव्हता! काकूंच्या कानात शिरण्याआधीच कुजबुज मायक्रोफोनने झेलली आणि काचेपलीकडच्या भोंग्यातून ती गडगडत बाहेर पडली.

अधिकारीबाईंनी काकूंच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. “काय म्हणालात?”

“मी अजून काहीच नाही म्हणाले.”

“प्रसन्न! प्रसन्न मुद्रा!” भोंगा बोलला.

“तुम्हाला तिथे कुठे राहायचंय?”

“हॉटेल म्हण! गुडघे काढू नकोस! लांब बघ, लांब!”

काकूंनी लांब पाहिलं. बाईंनीही वळून तिकडे पाहिलं. तिथे भिंत होती.

“काका,” अधिकारीबाई शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही जरा मागच्या खुर्चीवर बसा. तुमच्या पत्नीला तुम्ही धमकावताय का?”

“मी? तिला?” काका हसायला गेले, पण मागे उभा असलेला पहारेकरी हसत नव्हता.

प्रयोग: आवाजाविना

मागच्या खुर्चीवरून एक शब्द ऐकू येत नव्हता. फक्त दिसत होतं. आणि जे दिसत होतं ते वहीतलं नव्हतं!

काकू बोलत होत्या. न अडता. हाताने पोटाचा गोल दाखवला. मग दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. मग गुडघ्यावर थाप! अधिकारीबाईंनी चष्मा काढून काहीतरी विचारलं. काकूंनी गालाला हात लावून झोपायची खूण केली. मग दोघी हसल्या.

काका खुर्चीच्या टोकाशी सरकले. हसतायत? फशी पाडायला असंच हसतात! विमावाल्यांच्या साडूच्या व्याह्यांनाही असंच हसवलं असणार! गेला व्हिसा. आता लेक तिकडे एकटी. कळा सुरू झाल्या की ती “आई” म्हणून हाक मारणार आणि आई इथे इस्त्रीच्या टेबलापाशी! त्यांना लेकीचा चेहरा दिसू लागला. सायकलवरून पडल्यावर रडायच्या आधी ओठ दाबायची, तो.

नाही! कोणीतरी हा प्रयोग सावरायलाच हवा.

“पुढचे,” पहारेकऱ्याने खूण केली.

काकांचा प्रवेश

जन्मात पहिल्यांदा विंगकाका प्रकाशात उभे होते. मागे कोणी नव्हतं. आठवत होती ती फक्त वही.

“अभिनंदन हं,” अधिकारीबाई म्हणाल्या. “मुलीची तारीख जवळ आली ना?”

सापळा! काकांनी दूर पाहिलं. “कोणाची मुलगी?”

“तुमची.”

“मला मुलगी नाही.”

बाईंचं पेन थांबलं. “तुमच्या पत्नी म्हणाल्या, आहे.”

“तिला असेल.”

खिडकीलगतच्या बाकावर बसलेल्या काकूंनी कपाळावर हात मारला. तोही काकांना दिसला, पण आता माघार नव्हती.

“म्हणजे तिथे तुमचं कोणीच नाही?”

“निसर्गाशिवाय कोणी नाही!” काका खणखणीत म्हणाले. वाक्य इतकं सुरेख पडलं, की क्षणभर त्यांनाच टाळ्यांचा भास झाला.

टाळ्या नव्हत्या. शिक्का होता.

“हे बघा काका. पर्यटक व्हिसावर मुलीकडे राहता येतं. तिचं बाळंतपणही करता येतं. फक्त नोकरी करता येत नाही. तुमच्या पत्नींना मी लांब मुदतीचा दिलाय.”

“दिला?” काकांना हुंदका फुटायचाच बाकी होता. “आणि मला?”

“तुमचं तिथे कोणी नाही. म्हणजे तुम्ही नुसतंच फिरायला चाललाय. तुमचा बेत मी वाचला, फार छान आहे.” त्यांनी बोट खाली खाली नेलं. “तो संग्रहालयापाशी संपतो. तुम्हालाही तिथपर्यंतच दिलाय.”

“पण… पण बाळ त्यानंतर येणार आहे!”

“कोणाचं?”

“माझ्या मुलीचं!” काका काचेला नाक लावून ओरडले. भोंग्याने खोली दणाणून सोडली. “आहे हो मुलगी! एकच आहे! नाक माझं घेतलंय तिने, स्वभाव आईचा! मी तिला सायकल शिकवली, मागे धरून पळायचो! सोडलं तरी सांगायचो, धरलंय म्हणून! बाई, मला संग्रहालय नको हो! मला जुन्या वस्तू मुळीच आवडत नाहीत!”

अधिकारीबाईंचा चेहरा मऊ झाला, हे नक्की. पण शिक्का वाळला होता.

“मुदत वाढवून मिळते का, ते तिथे गेल्यावर विचारा. आणि विचाराल तेव्हा आधीच खरं सांगा. पुढचे!”

जिन्यावर

काका खाली आले तेव्हा काकू जिन्याच्या पायरीवर बसून लेकीशी फोनवर बोलत होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. काय चाललंय ते ओळखायला वही लागत नव्हती.

“अगं, सगळं सांगितलंस तिला?”

“वाक्यन्‌वाक्य.”

“‘तिला असेल’ सुद्धा?”

“ते तर दोनदा. तिने पुन्हा म्हणायला लावलं.”

काकांनी फोन मागितला. मग परत दिला. मग पुन्हा मागितला. घसा खाकरला. भिंतीकडे तोंड करून, आयुष्यात कोणत्याही नटाशी बोलले नसतील इतक्या हळू आवाजात ते म्हणाले,

“हे बघ बेटा, रागावू नकोस. बाबांचं जरा चुकलं. पण एक विचारायचं होतं. तुझ्या डॉक्टरीणबाईंना सहज विचारून बघशील का… म्हणजे घाई नाही, सावकाश… पण बाळाला आठवडाभर अलीकडे यायला जमण्यासारखं आहे का?”



पलीकडून लेक अगदी अदबीने म्हणाली, “माफ करा हं, पण आपण कोण बोलताय?”