काठीमागे एक मेंढरू

करंजमाळ गावातून भर दुपारी मेंढरं चोरीला जातात, ही बाब गावाच्या निदर्शनास आली तोवर सतरा मेंढरं गेलेली होती. चोर सुधारले होते. रात्री कुत्री भुंकतात; दुपारी कुत्रीसुद्धा झोपतात. गडीमाणसं उसाच्या तोडीला, बायका रानात तण काढायला, भांगलायला आणि मेंढरं बाभळीखाली, असा सगळा मामला चोरांच्या सोयीनं लागलेला होता.

जोतीरामनं यावर साधा उपाय काढला. तो चाळीस मेंढरांचा धनी, पिढ्यान्‌पिढ्यांचा मेंढका. त्यानं सहा माणसं जमवली, प्रत्येकाच्या हातात काठी दिली आणि बारा ते चार गावाभोवती फेरी सुरू केली. ठराव नाही, नोंदवही नाही, उद्घाटनाचा फोटो नाही. तीन महिन्यांत कोकरूसुद्धा जागचं हललं नाही. काम इतकं चोख चाललंय म्हणजे त्यात काहीतरी नियमबाह्य असणार, ही शंका कुणाच्याही मनात आली नाही.

ती आली जोतीरामच्याच चुकीमुळे. त्याला वाटलं, प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी असावी. बाजारातून सहा शिट्ट्या आणल्या असत्या तर विषय तिथंच मिटला असता. पण तो सल्ला विचारायला गेला अण्णाप्पांकडे. अण्णाप्पा सांगलीकडून येऊन गावात स्थायिक झालेले, बी-बियाण्यांचे दुकानदार. तीन वर्षांच्या वकिलीतलं दीड वर्ष ते शिकले होते आणि उरलेलं दीड वर्ष गाव भोगत होतं. "इकत कशाला घेतोस रं? सरकार देतंय," असं म्हणून त्यांनी दुकानातल्या दुकानात अर्ज लिहिला. विषय : गावच्या सुरक्षा दलास शिट्ट्या मिळणेबाबत.

तीन आठवड्यांनी तालुक्याच्या एका कार्यालयाकडून उत्तर आलं. त्यात शिट्ट्या नव्हत्या, प्रश्न होते. सदर दल कोणत्या नियमान्वये स्थापन झाले? झाले नसल्यास ते फिरते कसे? फिरत असल्यास सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

जोतीरामनं आयुष्यात बऱ्याच गोष्टी केल्या होत्या, पण स्थापन न होता फिरण्याचा गुन्हा आपल्या हातून घडतोय, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो घाबरला. अण्णाप्पांना मोटरसायकलवर घेऊन तो तालुक्याला, कडेगावला गेला.

तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं की, नागरिक म्हणून फिरायला हरकत नाही, दल म्हणून फिरायला आहे. पाच किंवा जास्त माणसं एकत्र असली की तो जमाव होतो. जमावाच्या हातात काठी असली की तो हत्यारबंद जमाव होतो.

"आवं साहेब, ती काठी माज्या आज्याची हाय," जोतीराम म्हणाला. "आमी मेंढकं. काठीबिगर आमाला चालता येत न्हाई."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मेंढपाळ असाल तर प्रश्नच नाही, ते म्हणाले. मेंढपाळाची काठी हे व्यवसायाचं साधन. फक्त सोबत मेंढरू पाहिजे. मेंढरू आहे तर साधन, मेंढरू नाही तर हत्यार. अण्णाप्पांना हा युक्तिवाद इतका पटला की त्यांनी तो तिथल्या तिथं लेखी मागून घेतला. 'काठीधारकासोबत काठीमागे किमान एक मेंढरू असणे बंधनकारक राहील,' असं पत्र घेऊन दोघं विजयी मुद्रेनं गावात परतले.

दुसऱ्या दिवसापासून गस्त कायदेशीर झाली. सहा माणसं, सहा काठ्या, सहा मेंढरं आणि जमाव दिसू नये म्हणून दोघा-दोघांत वीस पावलांचं अंतर. अडचण एवढीच की मेंढरू एकट्यानं चालत नाही. ते मागं वळून ओरडतं, नाहीतर सावली दिसली की बसतं. पूर्वी दुपारभरात गावाला चार फेऱ्या व्हायच्या. आता चार वाजेपर्यंत गस्त मारुतीच्या देवळापर्यंत पोचली तरी समाधान मानलं जाई. दलातले नानासो हे निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे मेंढरू नव्हतं, म्हणून त्यांना एक उसनं देण्यात आलं. ते त्याच्यामागून छत्री धरून चालत.

जोतीरामची म्हातारी आई तानुबाई दारात बसून हे बघायची. "मेंढरं राखायला माणसं लागत्यात, ते ठावं हुतं," ती म्हणाली. "माणसं राखायला मेंढरं लागत्यात, हे पयल्यांदाच बघितलं."

जोतीराम स्वतः सरदारला घेऊन फिरे. सरदार हा त्याचा घंटेचा मेंढा. आई मेलेलं ते कोकरू तानुबाईनं बाटलीनं दूध पाजून, भाकरी चारून वाढवलं होतं. सगळा कळप त्याच्या घंटेमागं चाले. तो हलला नाही तर बाकीची एकोणचाळीस काटेरी कुंपणाच्या वाड्यातून पाय बाहेर टाकत नसत. जोतीरामचा सगळा संसार म्हणजे त्या एका घंटेचा आवाज होता.

एका मंगळवारी सरदारला लिंबाला बांधून जोतीराम पाणी प्यायला घरात गेला. बाहेर आला तर दोरी कापलेली आणि घंटेचा आवाज डांबरी रस्त्याकडून येतोय. एक अनोळखी माणूस सरदारला टेंपोकडे ओढत होता. जोतीराम काठी घेऊन धावला. त्यानं रस्ता अडवला आणि हाका मारल्या. घरात होतं तेवढं गाव दारात आलं, मोबाइल वर धरून उभं राहिलं आणि तिथंच थांबलं.

तेवढ्यात सरकारी जीप आली. दल अटींचं पालन करतंय की नाही, हे तपासायला साहेब स्वतः आले होते. त्यांनी परिस्थिती पाहिली. एका इसमाजवळ मेंढरू होतं, काठी नव्हती. दुसऱ्याजवळ काठी होती, मेंढरू नव्हतं. त्यांनी स्वतःचंच पत्र काढून पुन्हा वाचलं आणि जोतीरामची काठी जप्त केली.

"साहेब, मेंढा माजा हाय. डावा कान बगा, आमच्या घराच्या खुणेची कातर हाय त्याला."

कानाची कातर नोंदणीकृत आहे का, असं साहेबांनी विचारलं. ती नव्हती. मग जोतीरामनं टाळूला जीभ लावून टक्‌टक् आवाज काढला आणि सरदारला साद घातली. सरदार गर्रकन वळला आणि त्या माणसाला चार पावलं फरफटत जोतीरामकडे घेऊन आला. साहेबांनाही ते दिसलं. पण जनावराचा जबाब घेण्याची तरतूद नाही, असं त्यांनी खेदानं सांगितलं. माणूस साक्षीदार असेल तर बोला.

जोतीरामनं दारांकडे बघितलं. अण्णाप्पा म्हणाले, दुकान उघडं पडलंय. नानासो मास्तरांनी घसा साफ केला. "बघितलंय मी, न्हाई कशाला म्हणू? पण ते नागरिक म्हणून बघितलंय का दल म्हणून, हे आधी ठरू दे गड्या." एकेक दार लागत गेलं. निकाल लागेपर्यंत मेंढा ज्याच्या ताब्यात सापडला त्याच्याच ताब्यात ठेवण्यात आला. टेंपोबरोबर घंटेचा आवाज इस्लामपूरच्या दिशेनं लांब गेला. जोतीराम रस्त्यातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तेव्हापासून त्याचा कळप वाड्यातून बाहेर पडलेला नाही. कार्यालयानं मात्र दिरंगाई केली नाही. सहा शिट्ट्या मंजूर झाल्या असून दल विसर्जित झाल्याची खात्री पटताच त्या वितरित करण्यात येतील, असं पत्र आलं आहे.

सुनावणी येत्या मंगळवारी, अकरा वाजता. जोतीरामला एक साक्षीदार पाहिजे. गावात त्या दिवशी प्रत्येकाला काम निघालंय. तुम्ही मात्र हे सगळं सुरुवातीपासून बघत आला आहात; लिंबाखालची कापलेली दोरी पाहिलीत, कानाची कातर पाहिलीत. मेंढा कुणाचा, याबद्दल तुमच्या मनात तिळभर शंका नाही. मग येताय ना? का वाचकाला साक्ष देता येते की नाही, ते आधी विचारून घेताय? घ्या विचारून. जोतीराम कडेगावच्या स्टँडवर साडेदहापासून उभा असेल. ओळखायला सोपा आहे, हातात काठी नाही.