निरोपाच्या पिझ्झ्याचं माप

माणसाला नेमकं किती लागतं, हे माणसाला स्वतःला कधीच सांगता येत नाही. म्हणूनच वजनमापे तपासणी कार्यालयाचा जन्म झाला, असं त्या कार्यालयातले ज्येष्ठ निरीक्षक मानत. (तो वेगळ्याच कारणाने झाला, असं बाकीचे मानत; पण त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.) निरीक्षकांना सगळे ग्रॅमसाहेब म्हणत. ते बाजारात दिसले की दुकानदार तराजू पुसायला घेत. घरी चहात साखर घालताना बायकोसुद्धा त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची.

असा हा माणूस गेल्या वर्षी पिझ्झ्यात नापास झाला होता.

वार्षिक तपासणी संपल्याची पार्टी होती. अंदाज ग्रॅमसाहेबांचा होता आणि तो सपशेल चुकला. बघता बघता खोकी रिकामी झाली आणि ग्रॅमसाहेब कोरी कागदी प्लेट धरून, भिंतीवरचं घड्याळ फार महत्त्वाचं असल्यासारखे त्याच्याकडे बघत उभे राहिले. तेव्हा आवक-जावकच्या ताई आल्या. कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नंबर घालणं आणि पाकिटांना लाखेचं सील लावणं हे त्यांचं काम. त्यांनी आपल्या प्लेटमधला तुकडा मुकाट्याने ग्रॅमसाहेबांच्या प्लेटमध्ये सरकवला.

"घे रे. मी खाऊन आलेय."

ग्रॅमसाहेबांनी तो खाल्ला. गार झाला होता, पण बरा लागला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याने, ज्याला त्यांनी कमी वजनाबद्दल दंड केला होता, भर रस्त्यात त्यांना थांबवून विचारलं, "काय साहेब, तुमच्याकडेच माप कमी भरलं म्हणे?" पार नाक कापलं गेलं. त्यानंतर महिनाभर ते वाट वाकडी करून कामावर जात होते.

आता त्याच ताई निवृत्त होत होत्या. निरोपाला पिझ्झा ठरला आणि बडेसाहेबांनी जबाबदारी पुन्हा ग्रॅमसाहेबांवरच टाकली. (चूक केलेल्या माणसाला अनुभव असतो, असं बडेसाहेबांचं मत होतं. स्वतः ते याच तत्त्वावर वर चढले होते.) ग्रॅमसाहेबांनी मनाशी ठरवलं, की ताईंच्या निरोपाला कुणावरही 'मी खाऊन आलेय' म्हणायची वेळ येता कामा नये. हे त्यांनी अगदी मनापासून ठरवलं होतं, हे नोंदवणं आवश्यक आहे.

"दोन खोकी जास्त मागवा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"जास्त हे माप नाही," ग्रॅमसाहेब म्हणाले.

"मग काटेकोर जास्त मागवा," असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी ग्रॅमसाहेबांनी टेबलाटेबलाशी जाऊन चौकशी सुरू केली. "आपण किती तुकडे खाल?" या प्रश्नाला सगळ्या कार्यालयाने एकमुखाने उत्तर दिलं, "मला काय, एक पुरे." हिशेबनीस म्हणाले, एकही जड जाईल. तिजोरीवरच्या बाई म्हणाल्या, अर्धा, तोही तुमच्या आग्रहाखातर. या आकडेवारीवर विसंबलं असतं तर सगळ्या कार्यालयाचं पोट तीन खोक्यांत भरलं असतं आणि उरलेल्यात शेजारचं पोस्ट ऑफिस जेवलं असतं.

पण ग्रॅमसाहेब गेल्या वर्षी पोळलेले होते. त्यांनी 'संकोच गुणक' शोधून काढला. नुसतं 'एक पुरे' म्हणणाऱ्याचे तीन धरायचे. पोटावरून हात फिरवत 'छे छे' म्हणणाऱ्याचे चार. डाएट चालू असलेल्याचे चार आणि वर कोपऱ्यात उभं राहून खायला एक. 'अर्धा' म्हणणाऱ्यांवर नजर ठेवायची. खरोखर एकच खाणारा इसम फक्त एक निघाला, ते स्वतः बडेसाहेब. कारण त्यांच्यासाठी समोरच्या हॉटेलातून वेगळं जेवण येणार होतं.

फक्त ताईंना विचारता आलं नाही. पार्टी त्यांच्यापासून गुप्त ठेवायची होती. तसं गोपनीय परिपत्रकच निघालं होतं आणि नियमाप्रमाणे ते आवक-जावककडे गेलं. ताईंनी त्याच्यावर नंबर घातला, वीस प्रती काढल्या, वीस टेबलांवर नेऊन ठेवल्या आणि आपल्याला काहीच माहीत नसल्यासारखं पुढचं पाकीट उघडलं. इतकी गुप्तता त्या कार्यालयात पूर्वी कधी पाळली गेली नव्हती. ज्याला विचारलं त्याची मागणी आणि ज्याची मागणी त्याचा हिशेब, हे कार्यालयाचं तत्त्व. तेव्हा ताई हिशेबात आल्या नाहीत. यात कुणाची काही चूक आहे, असं नंतरही सिद्ध झालं नाही.

गुणकानुसार गरज निघाली त्रेसष्ट तुकड्यांची. एका खोक्यात आठ, म्हणजे आठ खोक्यांत चौसष्ट. एक तुकडा जास्त!

त्या एका तुकड्याने ग्रॅमसाहेबांना अन्न गोड लागेना. कमी भरलं तर फसवणूक, हे ठीक. पण जास्त भरलं तर तो निष्काळजीपणा. शेवटी त्यांना मार्ग सापडला. तपासलेल्या मालाचा नमुना सीलबंद ठेवायचा, असा नियमच होता. चौसष्टावा तुकडा नमुना ठरला आणि ग्रॅमसाहेबांना गाढ झोप लागली.

समारंभाच्या दिवशी पिझ्झा वेळेवर आला, अगदी गरमागरम. मग तो प्रयोगशाळेतल्या प्रमाणित काट्यावर तोलायला घेतला. पिझ्झेवाल्याने तुकडे हाताने कापलेले, तेव्हा त्यांत फरक निघाला. कुणाच्या तुकड्यावर तीन ऑलिव्ह, कुणाच्यावर एकही नाही. मशरूमच्या बाबतीत तर बोलायलाच नको. ग्रॅमसाहेबांनी चिमट्याने ऑलिव्ह इकडचे तिकडे केले. हे सगळं चाललं असताना लोक रांगेत उभे राहून, "आम्हाला काय, एक पुरे," असं एकमेकांना सांगत पुढच्याच्या पाठीवर रेलत होते.

नमुना पाकिटात घातला गेला. सील लावणं हे ताईंचं काम, म्हणून ताईंना हाक मारली. त्यांनी मेणबत्ती पेटवली, लाख वितळवली आणि पाकिटावर नेहमीसारखी नेटकी मोहोर उमटवली. मग आल्याच आहात तर, म्हणून त्यांनाच प्लेटी वाटायला उभं केलं. त्याही पदर खोचून उभ्या राहिल्या.

भाषणं झाली. ताई म्हणजे कार्यालयाचा कणा, असं बडेसाहेब म्हणाले आणि आपल्या वेगळ्या जेवणाकडे वळले. गुणक अचूक ठरला! हिशेबनिसांनी चार घेतले, तिजोरीवरच्या बाईंनी आग्रहाखातर चार. शेवटचं खोकं रिकामं झालं तेव्हा प्रत्येक हातात तुकडा होता. ग्रॅमसाहेबांची छाती फुगली. आता किराणेवाल्याच्या दुकानावरूनच घरी जायचं, असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात त्यांची नजर ताईंकडे गेली. त्या उरलेल्या प्लेटी मोजून पुन्हा पिशवीत ठेवत होत्या.

"ताई, तुमचं झालं ना?"

"माझं काय रे," ताई म्हणाल्या, "मी खाऊन आलेय."

हातातला तुकडा देऊन टाकावा म्हणून ग्रॅमसाहेबांनी खाली पाहिलं, तर तो अर्धा उष्टा. ते धावत कपाटाकडे गेले आणि नमुन्याचं पाकीट घेऊन बडेसाहेबांपुढे उभे राहिले.

"नमुना फोडायचा म्हणता?" बडेसाहेबांनी हात पुसत विचारलं. "पण मग संबंधित पार्टीला नोटीस लागेल, दोन साक्षीदार लागतील, आणि सील कुणी लावलं त्याचा लेखी जबाब."

"राहू दे रे," ताई मागून म्हणाल्या. "सील छान बसलंय. कशाला मोडतोस?"

ग्रॅमसाहेबांना खूप वाईट वाटलं. ते इतकं वाटलं, की अहवाल लिहायला त्यांना संध्याकाळ झाली. उपस्थित वीस, तृप्त वीस, तूट शून्य. तो घेऊन ते ताईंच्या टेबलाशी गेले. ताईंनी चष्मा लावून तो नीट वाचला, त्याच्यावर जावक नंबर घातला आणि पेनाला टोपण लावलं. नोकरीतला तो त्यांचा शेवटचा कागद होता.

आता वाचकांना ग्रॅमसाहेबांचा राग आला असेल, तर या लेखकाला आनंदच आहे. रागाच्या भरात एक लहानशी तपासणी आपणही उरकून घ्यावी. आपल्या घरी सगळ्यांना वाढून शेवटी बसणारं, "तुम्ही घ्या, माझं झालंय," असं म्हणणारं एक माणूस असतं. (नसेल, तर ते आपणच आहात आणि ही गोष्ट आपल्याला आधीपासून माहीत होती.) त्या माणसाला पिझ्झ्यावर काय आवडतं, मशरूम, कांदा की ऑलिव्ह, ते पटकन सांगावं.

आठवत नसेल तर मनाला लावून घेऊ नये. ते खाऊन आलेलं असतं.