आत्याची अधिकृत ॲसिडिटी

“मॅडम, पेशंटला त्याचा आजार सांगितलाच नाही, तर आजारालाही कळत नाही का, की आपण झालोय म्हणून?”

हा प्रश्न भर वर्गात विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. समोर रक्त तपासणाऱ्या लॅबमधल्या एक डॉक्टरबाई व्याख्यान द्यायला उभ्या होत्या. मी विचारला. (हल्ली मी काहीही विचारते. गेल्या वर्षी हजेरीलासुद्धा मैत्रीण माझ्यातर्फे ओरडायची.) वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तास संपला की भेट मला.”

आता थोडी पार्श्वभूमी.

गुपित पाळण्यासाठी माणसाने ज्या संस्था उभारल्या, त्यांत कुटुंबाइतकी कार्यक्षम दुसरी नाही. आमचं कुटुंब तर आदर्शच म्हणायला हवं. माझी आत्या लोकांना गाडी चालवायला शिकवते. आजवर चारशे नवशिके तिने रस्त्यावर आणले आणि समोरून ट्रक आला तरी ती शेजारच्या सीटवर शेंगदाणे खात असते. अशा बाईला धक्का सोसणार नाही, असं घरच्या बैठकीत एकमताने ठरलं. (आत्या बैठकीला नव्हती. ती कोणालातरी क्लच समजावत होती.)

धक्का असा, की तिच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. तीही दुर्मिळ, लाखात एखाद्याला होणारी. हे सांगताना मोठ्या काकांची छाती किंचित फुगली. आमच्या घरात लाखात एक असं याआधी काहीच झालं नव्हतं.

आत्याला सांगायचं, ॲसिडिटी आहे. बाकीच्यांना सांगायचं, कोणाला सांगू नका. त्यानुसार एकतीस नातेवाईक, नऊ शेजारी, आईचं अख्खं ऑफिस आणि इस्त्रीवाला यांना कोणाला न सांगण्याबद्दल रीतसर कळवण्यात आलं. यादीतून एकच व्यक्ती राहिली.

थाप भक्कम हवी, म्हणून आत्याला रोज सकाळी ॲसिडिटीची खरीखुरी गोळी सुरू झाली.

ही गाठ रक्तात एक प्रथिन सोडते. ते मोजलं की गाठ गप्प बसलीय की हातपाय पसरतेय, याचा अंदाज येतो म्हणे. पहिल्यांदा आकडा आला नव्वद. तीन महिन्यांनी दोनशे चाळीस.

“पुन्हा रक्त कशाला काढायचं?” आत्या करवादली.

“ॲसिडिटी वाढलीय गं तुझी,” बाबा म्हणाले.

वाढलेल्या ॲसिडिटीला एक गोळी शोभत नाही. दोन झाल्या. पुढचा आकडा पाचशे दहा.

डॉक्टर गंभीर झाले. स्कॅनच्या फोटोत नवीन काही दिसत नव्हतं, पण आकडा ओरडत होता. गाठ यकृतात शिरली असावी, पुढच्या महिन्यापासून जालीम इंजेक्शनं सुरू करू, असं ते म्हणाले. (घरात त्यांना ‘व्हिटॅमिनची इंजेक्शनं’ म्हणण्याचा ठराव त्याच दिवशी मंजूर झाला.) आत्याला बाहेर बसवून डॉक्टर दर वेळी विचारायचे, “आणखी काही औषधं चालू आहेत?” बाबा सांगायचे, “छे, काही नाही.” बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ती गोळी औषध नव्हतीच, थाप होती.

तर, तास संपल्यावर मी बाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“अगं, या गोळ्यांनीच ते प्रथिन वाढतं! गाठीने काहीही केलं नसलं तरी! तुमच्या डॉक्टरांना सांगितलं नाही कोणी?”

“नाही ना. गुपित होतं.”

“गाठ पसरलेली नाही, असं मी म्हणत नाही हं. पण यात गाठीचा वाटा किती नि गोळीचा किती, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. डॉक्टरांना विचारून गोळी थांबवा, मग पुन्हा तपासा. त्याआधी इंजेक्शनं नकोत, असं माझ्यातर्फे सांग त्यांना.”

मी धावत घरी. आईने आधी दार लावलं. “हळू बोल, आत्या येईल एवढ्यात!” बाबांनी दोनदा सगळं ऐकलं, घाम पुसला आणि खरा पेच मांडला. “गोळी एकदम बंद केली तर तिला संशय नाही का येणार?” मोठे काका फोनवर म्हणाले, “मग आजार बदलू. सांधेदुखी म्हणा.”

वाचकहो, हसू नका. माझ्या अभ्यासानुसार प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, ज्याच्या भल्यासाठी त्याला काहीतरी सांगितलेलं नसतं. तुमच्या घरात तो कोण, हे आठवून पाहा. कोणीच आठवत नसेल, तर तो तुम्ही आहात.

मी मात्र खुर्ची ओढून बसले आणि जाहीर केलं, “आई, बाबा, माझं ठरलंय. आत्या आली की मी तिला सगळं सांगणार. सोमवारी डॉक्टरांकडे तिच्याबरोबर मी आत जाणार, तुम्ही नाही. ते काय म्हणाले ते तुम्हाला सोसेल का, नि सोसलं तर कितपत सांगायचं, ते आम्ही दोघी बैठक घेऊन ठरवू.”