डाव्या गालावरची धूळ

धूळ सगळीकडेच असते. पण सरकारी धुळीला एक दर्जा असतो.

ओळखपत्र कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर असाच एक कण वर्षानुवर्षं मुक्कामाला होता. तो प्रत्येकाच्या फोटोत नेमका डाव्या गालावर तिळासारखा उमटे. लोकांची काही तक्रार नव्हती. बऱ्याच जणांना तो तीळ शोभूनही दिसे.

फोटोवाल्याला मात्र तो डोळ्यांत खुपे. त्याने तो उडवायला दाबलेल्या हवेचा डबा मागितला. साहेबांनी तो तत्परतेने मागवला, कपाटात कुलूपबंद केला आणि सुरक्षा समिती नेमली. समितीची नियमावली खरोखर आदर्श होती. कॅमेरा आधी बंद करावा. डबा हलवू नये, उभाच धरावा (आडवा धरल्यास आतलं गारढोण द्रव्य काचेवर उडतं). नळी वीतभर लांब ठेवावी, पहिला फवारा भिंतीकडे सोडावा. तोंडाने फुंकू नये (थुंकीची नोंद कार्यालयीन साहित्यात नाही). डबा कपाटात असताना अपघातांचं प्रमाण शून्य टक्के आढळल्याने तो तिथेच ठेवावा, अशी शिफारसही झाली.

पुढे समितीचे अध्यक्ष निवृत्त झाले आणि त्यांच्याकडची कपाटाची किल्ली मोकळी झाली. फोटोवाल्याने सगळे नियम पाळून हलके हलके फवारे मारले. कण उडाला. त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर त्याच्याच आईचा होता. पेन्शनसाठी तिला ओळखपत्र नवं करून हवं होतं. तपासनीस बाईंनी जुना फोटो नव्याशेजारी धरला.

"तीळ कुठाय?"

"अहो, ती धूळ होती!" फोटोवाला म्हणाला.

"ते मला नका सांगू. या बाई त्या बाई नाहीत. पेन्शन थांबणार."

"अरे, मी तुझी आई आहे, एवढं तरी सांग ना यांना," आई म्हणाली.

"सांगून चालत नाही गं. दिसावं लागतं."

संध्याकाळपर्यंत निम्मं गाव परकं ठरलं. साहेबांनी मोठ्या मनाने चूक मान्य केली (फोटोवाल्याची). कण परत बसवण्याचा आदेश निघाला, पण तो काही सापडेना. शेवटी खुर्चीला दोरीने काळी पेन्सिल बांधण्यात आली.

फोटोवाल्याने आईचा चेहरा हातात धरला आणि पेन्सिलीने तीळ काढला. त्याला रडूच आलं. हात हलला, तीळ जरा वर गेला. तिला पुन्हा यावं लागेल.

आपणही एकदा आपलं ओळखपत्र काढून आरशासमोर उभे राहा. आरशात तीळ नसेल तर आरसा पुसत बसू नका. गाल घेऊन या, पेन्सिल आमची. इतकी वर्षं तो पाहूनही आपण गप्प राहिलात, याबद्दल कार्यालय आपलं आभारी आहे.