परतीच्या ट्रकमधली स्कूटर

सोमवार : माझ्या दिवंगत पत्नीची स्कूटर बंगळूरला मुलीकडे पोचवण्यासाठी एका वाहन-वाहतूक कंपनीने नऊ हजार मागितले. मंगळवार : तीच कंपनी, तीच स्कूटर, अकरा हजार, वाढीचे कारण लेखी मागताच फोन बंद. बुधवार : श्री. सोपानभाऊ, माझे शेजारी, राहणार टाकवे बुद्रुक. पहिल्या दोन दिवसांस कंपनी जबाबदार आहे; पुढील सर्व प्रकारास केवळ सोपानभाऊ.

रिकामे वाहन हा त्यांच्या मते दखलपात्र गुन्हा. स्वतःची सायकलसुद्धा ते डेअरीवरून मोकळी आणत नाहीत. कोणाचे तरी पेंडीचे पोते तिच्यावर असतेच. शेजारच्या आंबी गावच्या टपरीवर चहा घेत ते कारखान्यात माल उतरवून निघालेला प्रत्येक ट्रक अडवतात : "परतीला मोकळा हाय का?"

मी न्यायालयातला निवृत्त लिपिक. त्यांच्या लेखी वकील.

"वकीलसाहेब, दारातनं उचलाय लावलं की त्ये दाराचं बी पैसं घेत्यात. गाडी आपन टपरीवर न्यायची. आन् दिवस ट्रकवाल्याच्या सोयीचा. घाई केली की भाडं वाढतं."

त्यांनी स्कूटरमधले पेट्रोल काढवले, चारी बाजूंनी फोटो काढवले आणि कर्नाटकचा एक ट्रक तीन हजारांत ठरवला.

"आणि विमा?" मी गरजलो.

"हाय की! तुमी नका काळजी करू."

मला काळजी होती. पत्नीच्या दिवसकार्यात घराच्या कागदांवरून मी मुलीला बोलू नये ते बोललो होतो. दीड वर्ष ती बोलत नव्हती. आयुष्यभर अर्ज लिहिलेल्या मला माफीच्या दोन ओळी जमल्या नाहीत, म्हणून स्कूटर पाठवत होतो.

गुरुवारी ट्रक निघाला. सोपानभाऊही दिसेनात. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "आबा हितं इंदुरीला पाव्हन्यांकडं गेल्यात."

शनिवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, सोपानकाका आलेत. स्कूटरला ओरखडासुद्धा नाही. दर थांब्याला उतरून दोऱ्या तपासत होते म्हणे. म्हणाले, 'तुज्या बापाला झोप न्हाई, म्हनून मला संगं धाडलंय.'" मग बराच वेळ ती नुसती रडत होती. शेवटी म्हणाली, "तुम्हीच का नाही आलात?"

मी कोणालाही धाडले नव्हते. पुढच्या आठवड्यात मी बंगळूरला जात आहे.

सोपानभाऊंना जाब विचारला, तर म्हणतात, "बंगळूर बघाया गेलतो. फुकटात."

हा खुलासा मला अमान्य आहे. त्यांनी येत्या ग्रामसभेत, सर्वांसमक्ष, उभे राहून उत्तर द्यावे : मला व्हायला न जमलेला बाप माझ्या मुलीच्या दारात आपण कोणाच्या परवानगीने पोचवलात?