बल्बला विचारून रेडिओ

विजेच्या बाबतीत माझ्याइतका सावध माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा नाही! साधा मिक्सर लावतानाही मी आधी पायात चप्पल घालतो. तेव्हा सासऱ्यांचा जुना रेडिओ सुरू करण्याचं काम माझ्याकडे आलं, यात नवल ते काय?

खरं तर ते आलं नाही, मी ओढून घेतलं. सासूबाई रोज सकाळी तो रेडिओ लावायच्या. त्या गेल्या आणि सासऱ्यांनी त्याच्यावर जे कापड टाकलं, ते टाकलंच. इतक्या वर्षांनी परवा अचानक म्हणाले, "पुन्हा एकदा ऐकावासा वाटतोय."

"त्यात काय!" माझे साडू, म्हणजे मोठे जावई, तेवढ्यात उठलेसुद्धा. "प्लग खुपसायचा, बटण दाबायचं!"

याच पद्धतीने त्यांनी सासऱ्यांचा टेबलफॅन कायमचा गप्प केला होता.

"थांबा!" मी ओरडलो. "बाबा, याच्या आतले वीज साठवणारे कपॅसिटर म्हातारे झालेत. एकदम सगळी वीज अंगावर आली तर फटाक्यासारखे फुटतील! त्यांना हळूहळू उठवायला हवं."

"मग तुम्ही उठवा," सासरे म्हणाले. "बोलला, तर तुमच्याच घरी राहू दे. मी येत जाईन ऐकायला. आणि जळला, तर..." 

 हा रेडिओ बोललाच पाहिजे! साडूंच्या नाकावर टिच्चून बोलला, तर फारच उत्तम.

मी सुट्टी टाकली. रेडिओ उघडून साफ केला, फुगलेले दोन कपॅसिटर बदलले. मग दोन सॉकेटचा एक बोर्ड घेऊन त्याच्या वायरीत मध्येच जुन्या पद्धतीचा पिवळा, शंभर वॅटचा बल्ब बसवला. आता वीज बल्बला विचारूनच रेडिओत जाणार! आत सगळं ठीक असेल, तर बल्ब मंद राहतो. काही बिघडलं, तर बल्ब लख्ख पेटतो आणि रेडिओ वाचतो.

सासरे सकाळीच येऊन बसले. मी बटण दाबलं. बल्ब क्षणभर चमकला आणि मंद झाला. रेडिओतून बारीक घूं घूं आलं. मी विजयी मुद्रेने सगळीकडे पाहिलं.

"आता तासभर असाच राहू दे. मी आंघोळ करून येतो. बाबा, तुम्ही बल्बवर लक्ष ठेवा. लख्ख झाला की ओरडा!"

"म्हणजे उजेड पडला की वाईट?"

"हो."

"आणि मिणमिणला की चांगलं?"

"हो."

सासऱ्यांनी आपल्या मुलीकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हे स्थळ आणणाऱ्याला ते आता शोधणार होते.

"आणि तू," मी बायकोला बजावलं, "रेडिओला अजिबात हात लावायचा नाही!"

"नाही लावत. तू कुंडीला पाणी घातलंस का?"

"आंघोळ झाली की घालतो." हे उत्तर मी आठवडाभर देत होतो.

अंगाला साबण लावतोय न लावतोय तोच बाहेरून आरोळी आली, "जावईबापू! उजेड पडला!"

मी टॉवेल गुंडाळून धावलो. डोळ्यांत साबण, पायाखाली पाणी! पण ओल्या हाताने विजेला हात लावीन तो मी कसला? कालच धुतलेल्या पडद्याला हात पुसले, पायात चप्पल सरकवली, चाचपडत रेडिओचा प्लग शोधला आणि उपटला.

बल्ब लख्खच!

"रेडिओ काढला तरी पेटलाय!" सासरे ओरडले.

"भिंतीत शॉर्ट झालंय! मेन बंद करतो!"

बाहेरच्या पॅसेजमध्ये वरखालच्या सगळ्या घरांचे मेन स्विच ओळीने आहेत. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मी आमचा मेन खाली ओढला आणि आत आलो.

बल्ब लख्खच!!

"बाबा... हा विजेशिवाय जळतोय!"

"म्हणजे आग!" सासरे म्हणाले. या वयात त्यांना इतकं चपळ मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी गॅलरीतली कुंडी उचलली आणि झाडासकट सगळी माती रेडिओवर उपडी केली!

तेवढ्यात दारात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे. तोंडावर मास्क, हातात आरसा. "माझा मेन कुणी पाडला? खुर्चीत एक बाई तोंड उघडून बसल्यात!"

त्यांची नजर माझ्या टॉवेलवरून, फेसावरून आणि चपलांवरून फिरली. पुढे काही न विचारता ते आपला स्विच चढवून निघून गेले.

मग स्वयंपाकघरातून बायको आली. बेडरूमच्या दाराशी मांडलेल्या इस्त्रीवर वाकली आणि म्हणाली, "केव्हाची लावलीये, ही इस्त्री तापत का नाही?"

मी डोळे पुसले. माझ्या बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये इस्त्रीची पिन होती. इस्त्रीची वीजही बल्बला विचारूनच जात होती, म्हणून बल्ब लख्ख आणि इस्त्री गार!

"तुला सांगितलं होतं ना..."

"रेडिओला हात लावू नको, असं सांगितलं होतंस. लावला मी?"

नव्हता लावला. तिने इस्त्री काढली आणि बल्ब विझला.  सासरे मातीखालच्या रेडिओकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी रेडिओ उघडला. ब्रशने माती झाडली, कोपरान् कोपरा फुंकून काढला. सगळं पुन्हा पुन्हा तपासलं आणि प्लग लावला. बल्ब चमकला, मंद झाला. घूं घूं आलं, मग खरखर, आणि मग एक बाई अगदी हळू आवाजात हवामान सांगू लागली.

सासऱ्यांनी चष्मा काढला. "तुझी आई रोज आधी हवामानच ऐकायची," मुलीला म्हणाले. बायकोने त्यांचा हात धरला. 

"रेडिओ याच घरात राहील," सासरे म्हणाले.

मी छाती फुगवली, टॉवेल घट्ट धरून.

"मी घाबरून एवढी माती ओतली, पण आत थेंबभर ओल गेली नाही. माती ओली असती तर संपलाच होता." त्यांनी माझ्याकडे आणि मग जमिनीवर आडव्या पडलेल्या झाडाकडे पाहिलं. "रेडिओ वाचला तो तुमच्या आळसाने! कुंडीला पाणी न घालणारा जावई मोठा नाही, धाकटाच आहे."